बाजूचे आसन

प्रवासाच्या इतिहासात वाहन हाकणाऱ्याचे नाव राहते. त्याच्या सोबत बसून तितकीच धूळ खाल्लेल्या माणसाचे नाव बहुधा राहत नाही. आज ज्या वाहनाविषयी मी बोलणार आहे, ते या उपेक्षित माणसासाठीच जन्माला आले. मोटारसायकलला बाजूने जोडलेली, एका चाकावर चालणारी छोटी बैठकगाडी, म्हणजेच साइडकार, हा आजचा विषय. दूरच्या पल्ल्याच्या प्रवासात तिने काय साधले, आणि हैदराबादच्या नल्लकुंट्यासारख्या वस्तीतून पाहिले असता तिचा अर्थ कोणता दिसतो, याचा थोडा विचार करू.

प्रथम तिचा जन्म. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल आणि पाठोपाठ मोटारसायकल रस्त्यावर आली, तेव्हा ती एकट्याचे वाहन होती. दुसऱ्या माणसाला कोठे बसवावे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. काहींनी मागे दोन चाकांची खुर्ची जोडून पाहिली. पण तीत बसणाऱ्याच्या वाट्याला धूर आणि धूळ येई, आणि चालकाशी बोलणे अशक्य होई. काहींनी खुर्ची पुढे जोडली. तेव्हा वारा आणि चिखल प्रथम सोबत्याने झेलावा, आणि टक्कर झालीच तर तीही त्यानेच प्रथम सोसावी, असा प्रकार झाला. शेवटी आसन बाजूला आले. फ्रान्समध्ये सायकलीला असे आसन जोडण्याची कल्पना १८९३ च्या सुमारास पुढे आली होती. १९०३ साली इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जे. ग्रॅहॅम यांना साइडकारचे पेटंट मिळाले. १९१२ साली बर्मिंगहॅमच्या टी. एफ. वॉटसन यांनी दुमडता येणारी साइडकार तयार केली. कारण अगदी घरगुती होते : घराकडे जाणारा बोळ अरुंद होता आणि आख्खी गाडी आत जात नव्हती.

या शोधाने वेग वाढला नाही, उलट तो घटला. वाढला तो सहवास. सोबती चालकाच्या शेजारी आला, त्याला पुढचा रस्ता दिसू लागला, आणि धावत्या गाडीवर संभाषण शक्य झाले.

मात्र या सहवासाची किंमत चालकाला मोजावी लागते. नुसती मोटारसायकल वळणावर आत झुकते. साइडकार जोडली की तिचे झुकणे संपते, आणि चालकाला हँडल बळाने वळवावे लागते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून साइडकारही डावीकडे असते. गती वाढविली की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक लावला की उजवीकडे. डावे वळण वेगात घेतले तर साइडकारचे चाक जमिनीवरून उचलले जाते. आसन रिकामे असेल तर हा धोका अधिक, म्हणून जाणते चालक त्यात एखादे पोते ठेवतात. तिसरे चाक किंचित आतल्या अंगाला वळलेले लागते. हे अंतर चुकले की टायर झिजतात आणि चालकाचे खांदे भरून येतात. तात्पर्य, शेजारी माणूस बसला की गाडी नीट चालते आणि तो उठला की ती बेताल होते, असे हे विलक्षण वाहन आहे.

आता या वाहनाने केलेले काही मोठे प्रवास पाहू. १९१५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून एफी हॉचकिस नावाची तरुणी हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलवर निघाली. साइडकारमध्ये तिची आई एव्हिस होती. सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेले मोठे प्रदर्शन पाहणे हे निमित्त. रस्ते बहुतेक कच्चे. वाटेत ट्यूब संपल्या, तेव्हा घोंगडी कापून ती टायरमध्ये भरली आणि प्रवास पुढे चालू ठेवला. त्या ऑगस्टमध्ये पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोहोचल्या आणि अटलांटिकचे बरोबर आणलेले पाणी त्यांनी त्या समुद्रात ओतले. काशीची गंगा रामेश्वरी नेणाऱ्या आपल्या लोकांना या कृतीचा भाव समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे त्या त्याच गाडीने घरीही परतल्या. आईला मोटारसायकल चालविता येत नव्हती. तरीही हा प्रवास तिचाही होता, आणि तो तसा झाला एका जोडलेल्या आसनामुळे.

दुसरे उदाहरण हंगेरीच्या झोल्टान सुल्कोव्स्की आणि ग्युला बार्था या मित्रांचे. १९२८ साली ते साइडकार जोडलेल्या हार्ले-डेव्हिडसनवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि १९३६ साली परतले. आठ वर्षांत सुमारे १,७०,००० किलोमीटर अंतर त्यांनी कापले. भारतही त्यांच्या वाटेवर होता. पैसा संपला की व्याख्याने द्यावीत, आपल्या प्रवासाची छापील माहितीपत्रके विकावीत आणि पुढचे पेट्रोल घ्यावे, असा त्यांचा क्रम होता. आठ वर्षांचा संसारच त्या बाजूच्या गाडीत होता. याच्याशी ताडून पाहण्यासारखा प्रवास ऑस्ट्रियाच्या माक्स राइश आणि हर्बर्ट टिची या तरुणांचा. १९३३ साली २५० सीसीच्या पुख मोटारसायकलवर, साइडकारवाचून, दोघे एकामागे एक बसून व्हिएन्नाहून मुंबईस आले. धाडस तेही मोठे. परंतु मागे बसणाऱ्याला हजारो मैल समोर दिसली ती मुख्यतः मित्राची पाठ!

तिसरे उदाहरण टेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन यांचे. ११ डिसेंबर १९३४ रोजी या दोघी ६०० सीसीच्या पँथर मोटारसायकलवर लंडनहून निघाल्या. गाडीला साइडकार आणि तिच्याही मागे सामानाचा गाडा. होकायंत्र बरोबर नसताना त्यांनी सहारा ओलांडला. वाळूत गाडी रुतली की उतरून ढकलावी, इंजिन बिघडले की खटपट करावी, असे करीत २९ जुलै १९३५ रोजी त्या केपटाऊनला पोहोचल्या. येथे साइडकार केवळ बसण्याची जागा नव्हती. पाणी, हत्यारे आणि सुटे भाग यांची ती कोठी होती.

पुढे महायुद्ध आले आणि या आसनाचे रूप बदलले. जर्मनांच्या बीएमडब्ल्यू आणि झुंडाप गाड्यांत साइडकारच्या चाकालाही इंजिनाची शक्ती दिलेली होती. सोबत्याच्या पुढ्यात यंत्रतोफ आली. सहवासासाठी निघालेली वस्तू संहाराच्या कामी लागली. युद्धानंतर युरोपात ती पुन्हा संसारी झाली खरी, पण १९५९ साली आलेल्या मिनीसारख्या लहान व स्वस्त मोटारींनी तिचे दिवस भरविले. छप्पर आणि चार चाके परवडू लागल्यावर पावसात भिजण्यास कोण तयार होणार?

आपल्या देशात मात्र नेमक्या याच सुमारास तिला दुसरा जन्म मिळाला, आणि तो मोटारसायकलपेक्षा स्कूटरच्या आधाराने. १९६० च्या दशकाच्या आरंभी पुण्याजवळ आकुर्डीस बजाजची स्कूटर बनू लागली. १९७२ साली 'चेतक' आली. मोटारगाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यापलीकडची होती. स्कूटरसाठीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशी मिळालेली स्कूटर एकट्याची राहणे शक्यच नव्हते. तिला डावीकडे पत्र्याची साइडकार जोडली की आईवडील, मुले आणि क्वचित आजीसुद्धा एका वेळी निघत. १९७५ च्या 'शोले' चित्रपटाने साइडकारचे नाव मित्रप्रेमाशी कायमचे जोडले. परंतु आपल्या गावांत ती मुख्यतः कुटुंबवत्सल होती.

आता नल्लकुंट्याकडे येऊ. तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळे आणि 'कुंट' म्हणजे तळे. आज तेथे गजबजलेली वस्ती आहे. ज्वरांच्या रुग्णालयाला लोक अजून 'कोरंटी' म्हणतात. 'क्वारंटाइन' या शब्दाचे ते लोकांच्या जिभेवर घडलेले रूप. उस्मानिया विद्यापीठ जवळ, काचीगुडा स्थानक जवळ, आणि केशवराव कोरटकरांच्या स्मृतीसाठी उभी राहिलेली शिक्षणसंस्था नारायणगुड्यास. या साऱ्या टापूत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. त्यांतील अनेकांचे मूळ मराठवाड्यात, आणि अनेकांची कुलस्वामिनी तुळजापूरची.

येथे इतिहासाने एक मोठे वळण घेतले, आणि त्याचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. हैदराबादहून तुळजापूरला जाणारा रस्ता संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा आणि नळदुर्ग या गावांवरून जातो. १९४८ पर्यंत हा सारा रस्ता निजामाच्या एकाच राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरहून निघाल्या, त्यांनी नळदुर्ग घेतले, आणि १८ तारखेस जनरल चौधरी याच मार्गाने हैदराबादेत आले. नंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. जहीराबाद आंध्र प्रदेशात राहिले, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले, उमरगा आणि तुळजापूर मुंबई राज्यात गेले. काल जो प्रवास एका राज्यातला होता, तो आज तीन राज्यांतला झाला. पुनर्रचना न्याय्यच होती. भाषिक जनतेची ती जुनी मागणी होती. पण हैदराबादेत राहिलेल्या मराठी घरांचे सगेसोयरे, शेती आणि देव एका दिवसात परराज्यात गेले, ही गोष्टही तितकीच खरी. नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. रेघेच्या दोन्ही बाजूंचे नाते टिकवायचे, तर माणसांना जाणे-येणे करावे लागते.

हे जाणे-येणे साइडकारवर कसे होई, याचा हिशेब मांडून पाहू. नल्लकुंट्याहून तुळजापूर तीनशे किलोमीटरच्या थोडे आत. भरल्या साइडकारची स्कूटर तासाला तीस-पस्तीस किलोमीटर चालली असे धरले, तरी नऊ-दहा तास नुसते चालविण्याचे. इंजिन दोन फटक्यांचे. पेट्रोलात तेल मिसळावयाचे, आणि ते तापले की झाडाखाली थांबावयाचे. अर्थात एका दिवसाची यात्रा दोन दिवसांची होणार आणि रात्रीचा मुक्काम वाटेत पडणार. पहाटे निघताना दुकानांच्या पाट्या तेलुगू आणि उर्दू, दुपारी कानडी, आणि उमरगा आले की मराठी. नळदुर्गला बोरी नदी आणि तो प्रचंड किल्ला दिसला की तुळजापूरचा फाटा जवळ आला. रेल्वेने जावे तर सोलापूरपर्यंत वाडीवरून वळसा, आणि पुढे पुन्हा बस. मोटार बससेवा निजामाच्या रेल्वेने १९३२ सालीच सुरू केली होती, पण बस आपल्या वेळेने सुटते. म्हाताऱ्या माणसाला वाटेत पाणी हवे, पाय मोकळे करावयास हवेत, एखाद्या गावी बहिणीकडे घटकाभर टेकावयाचे असते. बाजूच्या आसनाला हे सारे मान्य असते.

एव्हिस हॉचकिस आणि तुळजापूरला निघालेली आजी यांत म्हणूनच मला फारसे अंतर दिसत नाही. दोघींनाही वाहन चालविता येत नव्हते. दोघींना कोणीतरी आपल्या शेजारी जागा दिली, आणि आपला वेग त्यासाठी कमी केला. फरक इतकाच, की एकीचे नाव इतिहासात नोंदले गेले, आणि दुसरीचे फक्त तिच्या घरात निघते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि युरोपात जे १९५९ नंतर घडले, ते आपल्याकडे पाव शतकानंतर घडू लागले. स्कूटरच्या बाजूचा पत्रा गंजला, मुले मोठी झाली, आणि साइडकार अंगणाच्या कोपऱ्यात गेली. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. उन्हापावसात उघड्यावर बसण्यापेक्षा मोटार सुखाची आहे, आणि रस्त्यावर ती अधिक सुरक्षितही आहे. हुमनाबाद आता कर्नाटकात आहे, जहीराबाद २०१४ पासून तेलंगणात आहे, उमरगा व तुळजापूर महाराष्ट्राच्या धाराशिव जिल्ह्यात आहेत, आणि तीच वाट आता रुंद राष्ट्रीय महामार्ग झाली आहे. सकाळी निघालेली मोटार दुपारी देवीच्या दारी पोहोचते.

अलीकडे दूरच्या मोटारसायकल प्रवासाची हौस पुन्हा वाढली आहे. तरुण लडाखला जातात, कन्याकुमारीला जातात, आणि ते उत्तमच आहे. परंतु त्यांपैकी बहुतेक प्रवास एकट्याचे असतात, आणि किती किलोमीटर किती दिवसांत कापले, यावर त्यांचे मोल ठरते. साइडकारचा इतिहास मोजण्याचे दुसरे माप आपल्यापुढे ठेवतो. प्रवास किती लांबचा झाला, याबरोबरच तो कोणाला घडविला, हेही विचारावे. जे स्वतः निघू शकत नाहीत, अशी माणसे प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासाठी आपल्या वाहनाला तिसरे चाक जोडता येत नसेल, तरी आपल्या वेगातून थोडा वेळ काढून ठेवता येतो. आणि तेवढ्यानेही एखाद्याला आपले मूळ गाव पुन्हा एकदा दिसू शकते.