एका खाडीमुखाचा आणि एका माशाचा इतिहास

कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटो व सॅन वाकीन या नद्या एकत्र येऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळतात. तेथील निमखाऱ्या पाण्यात ‘डेल्टा स्मेल्ट’ हा बोटभर लांबीचा मासा राहतो. जगात अन्यत्र तो नाही. त्याचे आयुष्य बहुधा एका वर्षाचे असल्यामुळे एखादा हंगाम हुकला, तरी पुढची पिढीच संकटात येते. एके काळी विपुल असलेला हा मासा नामशेष होण्याच्या वाटेला लागला, त्याचा दोष सामान्यतः कोणा एकाच्या माथी मारला जातो. इतिहास पाहता हे मत टिकत नाही.

१८४८ मध्ये सोने सापडले आणि १८५३ पासून पाण्याच्या प्रचंड झोतांनी डोंगर फोडले जाऊ लागले. १८८४ मध्ये न्यायालयाने हा प्रकार रोखला. परंतु तोवर नद्या गाळाने भरल्या होत्या. दरम्यान शेतीसाठी बांध घालून भरतीची दलदल कोरडी करण्यात आली. आज तिचा ९० टक्क्यांहून अधिक भाग उरलेला नाही. पुढे १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या शास्ता धरणासारखी धरणे गाळ अडवू लागली. पाणी हळूहळू नितळ झाले, आणि हेच या माशाला बाधले. कारण गढूळ पाण्यातच तो शत्रूंपासून लपतो व त्याच्या पिलांना भक्ष्य टिपता येते.

१९५१ पासून महाकाय पंपांनी पाणी दक्षिणेकडे ओढले जाऊ लागले. त्यांच्या ओढीने काही प्रवाह उलटे वाहतात आणि मासे त्यांत खेचले जातात. १९८६ मध्ये, बहुधा जहाजांचा तोल राखणाऱ्या पाण्यातून आलेला, एक आशियाई शिंपला येथे आढळला. त्याने माशाच्या अन्नसाखळीचा पाया असलेले प्लवकच फस्त केले.

१९९३ मध्ये या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून शेतकरी पंपांवरील निर्बंधांविरुद्ध, तर निसर्गरक्षक पंपांविरुद्ध न्यायालयात उभे आहेत. शेतकऱ्याची तहान खोटी नाही आणि पंपांचा दोषही नाकारता येत नाही. परंतु १९६७ पासून शरद ऋतूत होणाऱ्या पाहणीत २०१८ पासून सलग काही वर्षे एकही मासा जाळ्यात आला नाही. डिसेंबर २०२१ पासून पैदास केंद्रात वाढवलेले मासे नदीत सोडले जात आहेत. मात्र ज्या पाण्यात ते सोडले जातात, तेथे गाळ, दलदल आणि प्लवक यांची उणीव तशीच आहे. ती भरून निघाल्यावाचून हा मासा तेथे स्वबळावर जगेल, अशी आशा बाळगणे कठीण आहे.