कौल, करार आणि अंगठा

जव्हार संस्थानाच्या जन्माची एक कथा १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंदवलेली आहे. जव्हारचा मुलूख तेव्हा एका वारली नायकाकडे होता. जयबा नावाचा महादेव कोळी त्याच्याकडे आला आणि बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जागा त्याने मागितली. नायकाने होकार दिला. जयबाने कातडे चिरून त्याच्या बारीक वाद्या केल्या आणि नायकाच्या गढीलाच वेढा घातला. शब्द गेला होता, तो पाळणे भाग होते. पुढे गंभीरगड व त्याच्या भोवतालचा प्रदेश देऊन नायकाची समजूत घालण्यात आली, असेही गॅझेटियर सांगते. जयबाचा मुलगा नेमशाह याला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा हा किताब दिला आणि मुकणे घराणे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत जव्हारच्या गादीवर राहिले.

कातड्याची हीच गोष्ट कार्थेज नगरी वसवणाऱ्या डायडो राणीबद्दलही सांगतात, तेव्हा तिला इतिहास म्हणून फार ताणू नये. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात ती टिकून राहिली, याला अर्थ आहे. शब्द देणाऱ्याला एक अर्थ कळला आणि घेणाऱ्याने दुसराच वसूल केला, हा अनुभव या मुलखाला पुढेही येत गेला. फक्त कातड्याची जागा कागदाने घेतली. त्या कागदावरचे शब्द बहुतेक आपल्या घरातले, म्हणजे अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेले होते, आणि पुढे त्यांत इंग्रजीची भर पडली. म्हणून या शब्दांचा हिशोब आपणच मांडायला हवा.

‘कौल’ म्हणजे अरबीत नुसते बोलणे, उच्चारलेले वाक्य. मराठीत त्याचे वजन वाढले. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाला सरकार सवलतीच्या साऱ्याचा कौल देई, तो कौलनामा. आणि कोकणात देवाला विचारतात तोही कौलच. ‘करार’ याचा मूळ अर्थ स्थिरावणे, ठरणे. मन ठरत नाही म्हणून ‘बेकरार’. गाण्यातला हा बेकरार आणि कचेरीतले करारपत्र एकाच मुळाची फळे आहेत, हे सांगितले की लोक हसतात. ‘जामीन’, ‘कबुलायत’, ‘इकरार’, ‘तगादा’ सगळे त्याच वाटेने आले. ‘अमानत’ मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाली आणि आता फक्त निवडणुकीत जप्त होते. ‘वायदा’ शेअरबाजाराच्या शेजारी वायदेबाजारात जाऊन बसला. विश्वासघात करणारा तो ‘गद्दार’, हाही अरबीच. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी करार आणि जामीन हलले नाहीत. गावोगाव लोकांची घरेदारे त्या शब्दांत अडकलेली होती, ती कोशाने कशी सुटणार?

अरबीत वचनाचे शब्द हाताशी आणि दोरीशी बांधलेले आहेत. करारासाठीचा ‘अक्द’ म्हणजे गाठ. निकाहालाही आपण अक्द म्हणतो आणि मराठी माणूस लग्नगाठ म्हणतो. शपथेचा शब्द ‘यमीन’, म्हणजेच उजवा हात. वचन पुरे करणे ते ‘वफा’, त्यात पूर्ण भरून देण्याचा भाव आहे. मोडणे ते ‘नक्ज’, म्हणजे पीळ सोडवणे, विणलेले उसवणे. शपथ मोडणाऱ्याला कुरआनने सूत कातून पुन्हा उसवून टाकणाऱ्या बाईची उपमा दिली आहे. इंग्रजीतला ‘बाँड’ही बांधण्यातूनच आला. मराठी मात्र वचन ‘पाळते’, गाईवासरू पाळावे तसे. त्याला रोज चारापाणी लागते, हे त्या क्रियापदाला ठाऊक आहे.

आता हाताची गोष्ट. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या कंपनीच्या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा ठेका देताना राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या तळहाताचा ठसा करारावर उमटवून घेतला. उद्या ही सही माझी नव्हे असे त्याने म्हणू नये, एवढाच हेतू. त्यातून पुढे बोटांच्या ठशांचे शास्त्र उभे राहिले आणि ‘निशाणी डावा अंगठा’ आपल्या कागदोपत्री कायमची आली. शपथेचा हात उजवा, कर्जाचा अंगठा डावा. शपथ घेणाऱ्याला आपण काय बोललो ते ठाऊक असते. अंगठा देणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या मजुराविरुद्ध इंग्रज सरकारने कायदा केला. मजुराने शब्द मोडला तर त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून तुरुंगात टाकता येई. मालकाने मोडला तर मजुराने दिवाणीत जावे! हा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला. १८७२ चा कराराचा कायदा त्यापेक्षा शहाणा. संमती मोकळी हवी, धाकदपटशा नको, असे तो सांगतो. मोखाडा तेव्हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्याचा पेटा होता, जव्हार संस्थान. एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन राज्ये. पण दोन्हीकडे भात संपले की सावकाराचे दार तेच.

ठाणे जिल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यात लग्नगडी नावाची पद्धत होती. आदिवासी तरुणाला लग्नासाठी पैसे लागत; मुलीकडच्यांना देज द्यायचा, वऱ्हाडाला जेवण आणि ताडी द्यायची. जमीनदार पैसे देई. बदल्यात नवरा आणि त्याची नवी बायको, दोघांनी फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. व्याज मालकाने लावायचे, हिशोब मालकाने ठेवायचा, त्यामुळे ते फिटत नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन या अधिकाऱ्याने आपल्या अहवालात ही गुलामी नोंदवली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती सविस्तर लिहिली. लग्नाची गाठ आणि कर्जाची गाठ एकाच दिवशी बसत होती. अक्द या शब्दाचे याहून कडू भाषांतर मला माहीत नाही.

इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. या पट्ट्यातले जमीनदार, सावकार, जंगलाचे ठेकेदार हिंदू होते, पारशी होते, इराणी होते, आणि मुसलमानही होते. कुरआनातली सर्वांत मोठी आयत कर्जाच्या लिखापढीविषयी आहे, हे मक्तबात शिकलेल्या मुलालाही माहीत असते. दुसऱ्या सूरेतली २८२ वी. तिच्यात मुदत लिहावी, लेखक न्यायी असावा, साक्षीदार असावेत हे तर आहेच. पण मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. तो दुबळा असेल, त्याला सांगता येत नसेल, तर त्याच्या पालकाने, इन्साफाने. कागद ऋणकोच्या तोंडून यावा, ही अट धनकोला किती जड आहे, हे आपल्या तफसिरींवरच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते. आम्ही आयतीतले लिहिणे घेतले, सांगणे सोडले. मोडलेल्या शपथेच्या कफ्फाऱ्यातही गुलाम मुक्त करणे हा एक मार्ग सांगितला आहे. ज्याने अंगठ्यावर माणसे बांधली, त्याने हे दोन्ही हुकूम कधी शेजारी ठेवून वाचले असतील का?

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथून परतलेल्या वारल्यांनी त्याच वर्षी वेठ आणि लग्नगडी नाकारली. कोर्टाच्या निकालाने नव्हे, नुसते एकमेकांना शब्द देऊन: कोणी फुकट राबायचे नाही. सावकारांच्या वह्यांप्रमाणे तो करारभंग होता. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड मारला गेला. कायद्याने हे मान्य करायला आणखी तीस वर्षे गेली. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा सांगतो की असा करार लेखी असो वा तोंडी, तो रद्दच. काही वचने मोडणे हाच न्याय असतो, हे एवढ्या स्पष्टपणे क्वचितच कायद्याच्या पुस्तकात आले असेल.

सरकारच्या वचनाला मात्र मराठीत संस्कृत शब्द आहे, ‘आश्वासन’. त्यात श्वास आहे. ऐकणाऱ्याला धीराचा श्वास घेता यावा. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा मुंबईहून गाड्यांचा ताफा आला आणि आश्वासने दिली गेली. जव्हारला स्वतंत्र अप्पर जिल्हाधिकारी बसला, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हाही झाला. कचेऱ्या जवळ आल्या, हे खरे.

पण पावसाळा सरत आला की मोखाड्याच्या पाड्यांवर मुकादम अजून येतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्यासाठी ते घराघरांत बयाणा ठेवतात. कागद बहुधा नसतोच. बयाणा हा ‘बै’ म्हणजे विक्री या अरबी शब्दातून आला, आणि हातात हात देऊन निष्ठेची शपथ घेतात ती ‘बैअत’ही त्याच धातूची. कोणी सणाला, कोणी दवाखान्याला, कोणी लग्नाला तो उचलतो. मग भात झोडून झाले की भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे घेऊन कुटुंबे भिवंडी-वसईकडे निघतात, आणि मे महिन्याच्या शेवटी भट्टीवरच हिशोब होतो. वही मालकाची असते.