ट्रुकचे जलमग्न आरमार

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ही सारी साधने भूमीवरची होत. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संशोधकांनी आणखी एका दप्तरखान्याचे दार उघडले आहे, आणि तो समुद्राच्या तळाशी आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांभोवती बुडालेली जहाजे व विमाने यांचा अभ्यास हे या नव्या शास्त्राचे एक महत्त्वाचे अंग आहे. त्यात ट्रुक या द्वीपसमूहाचे स्थान आगळे आहे. प्राचीन वस्तूंचा शोध येथे गौण ठरतो. या वस्तूंवर हक्क कोणाचा आणि त्यांच्याविषयी कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न येथे प्रथम उभा राहतो. आणि तो इतिहासकारांइतकाच कायदेपंडितांसही विचारात पाडणारा आहे.

ट्रुक हे परकीयांनी रूढ केलेले नाव. १९९० पासून त्या प्रदेशाचे अधिकृत नाव ‘चूक’ असे आहे. मराठी वाचकांनी हसू नये. तेथील भाषेत या शब्दाचा अर्थ डोंगर असा होतो. सुमारे सव्वादोनशे किलोमीटर परिघाची प्रवाळांची भिंत, तिच्या आत शांत, विस्तीर्ण जलाशय आणि त्या जलाशयात डोंगराळ बेटे, अशी तेथील रचना आहे. निसर्गानेच बांधलेला हा जलदुर्ग! स्पेनकडून तो १८९९ मध्ये जर्मनीने विकत घेतला, १९१४ मध्ये जपानने बळकावला आणि पुढे राष्ट्रसंघाने जपानच्याच हाती सोपविला. दुसऱ्या महायुद्धात जपानी आरमाराचे हे एक प्रमुख ठाणे बनले. या प्रत्येक हस्तांतराच्या वेळी बेटांवरील मूळ रहिवाशांस कोणी विचारले नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन आहे.

१७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ या दोन दिवशी अमेरिकेच्या नऊ विमानवाहू जहाजांवरील विमानांनी ट्रुकवर हल्ला केला. संकटाची चाहूल लागल्याने जपानने आपल्या बड्या युद्धनौका त्यापूर्वीच हलविल्या होत्या. मागे राहिली ती मुख्यत्वे मालवाहू व तेलवाहू जहाजे. त्यांपैकी चाळीसांहून अधिक जहाजे बुडाली व सुमारे अडीचशे विमाने नष्ट झाली. अमेरिकेचीही पंचवीसच्या आसपास विमाने परतली नाहीत. त्यानंतर ट्रुकचा बाहेरील जगाशी संबंध जवळजवळ तुटला, आणि अन्नाच्या दुर्भिक्षात जपानी शिपायांबरोबर निरपराध बेटवासीयांचेही अतोनात हाल झाले.

जहाज बुडते ते आपल्या संसारासकट. म्हणूनच ते इतिहासाचा मोठा प्रामाणिक साक्षीदार ठरते. सेनापतीचा अहवाल लिहिताना लेखणी अडखळते, शरणागतीच्या वेळी कागद जाळले जातात. परंतु जहाजाच्या खणातील माल आपली जबानी बदलीत नाही. ‘फुजिकावा मारू’च्या खणात झीरो जातीच्या लढाऊ विमानांचे सुटे भाग आजही ओळखू येतात. ‘सान फ्रान्सिस्को मारू’च्या डेकवर रणगाडे आहेत व पोटात सुरुंग आहेत. हा माल एकत्र वाचला म्हणजे जपान त्या वेळी बेटांच्या बचावाची घाईने तयारी करीत होता, हे कोणत्याही भाष्याशिवाय उघड होते. एटेन बेटाच्या धावपट्टीजवळ उथळ पाण्यात मित्सुबिशी बनावटीचे एक बाँबफेकी विमान पडले आहे. त्याची एंजिने धडापासून दूर जाऊन पडलेली आहेत. ते पाण्यावर किती वेगाने आदळले असेल, याची कल्पना त्या अंतरावरून येते.

या जहाजांपैकी एकाची गाठ आपल्या इतिहासाशीही पडली आहे. ‘आइकोकु मारू’ हे मुळात उतारूंसाठी बांधलेले, पण युद्धात तोफा चढवून शत्रूच्या व्यापारी जहाजांवर छापे घालण्यास सोडलेले जहाज. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या बाजूला हिंदी महासागरात त्याची व त्याच्या जोडीदार ‘होकोकु मारू’ची गाठ ‘बेंगाल’ या हिंदी आरमाराच्या चिमुकल्या सुरुंगशोधक जहाजाशी पडली. ‘बेंगाल’बरोबर ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज होते. दहा-दहा हजार टनांच्या दोन शत्रूंपुढे ‘बेंगाल’ने पळ काढला नाही. त्या झुंजीत ‘होकोकु मारू’ स्फोट होऊन बुडाले. ‘बेंगाल’ आणि ‘ओंडिना’ दोन्ही वाचली. बचावलेल्या ‘आइकोकु मारू’चा शेवट सव्वा वर्षाने ट्रुकमध्ये झाला. त्यावरील दारूगोळ्याचा असा स्फोट झाला की त्याचा पुढील अर्धा भाग नाहीसा झाला आणि जवळजवळ सर्व माणसे एका क्षणात संपली.

आता मालकीचा प्रश्न घेऊ. बुडाल्याने युद्धनौकेवरील राष्ट्राचा हक्क नष्ट होत नाही. त्या राष्ट्राने तो स्पष्टपणे सोडावा लागतो, असे आरमारी सत्ता मानीत आल्या आहेत. परंतु ट्रुकमधील ‘होकी मारू’चे उदाहरण पाहा. हे जहाज ब्रिटनमध्ये बांधलेले. ‘हौराकी’ या नावाने ते न्यूझीलंडच्या एका कंपनीसाठी चालत असे. जुलै १९४२ मध्ये कोलंबोकडे जात असता जपानने ते हिंदी महासागरात पकडले, त्याचे नाव बदलले आणि आपल्या कामी लावले. अमेरिकेने ते बुडविले. आज ते १९८६ मध्ये स्वतंत्र कारभार सुरू झालेल्या मायक्रोनेशिया संघराज्याच्या पाण्यात आहे. त्यात भर अशी की, ट्रुकच्या रूढीप्रमाणे प्रवाळभिंतीचे भाग निरनिराळ्या कुळांच्या मालकीचे असतात. इतके दावेदार एका गंजक्या सांगाड्याभोवती उभे केले तर कोणत्याही न्यायाधीशास घाम फुटेल!

परंतु मालकीचा निवाडा लागला तरी मूळ प्रश्न सुटत नाही, कारण या सांगाड्यांत माणसे आहेत. ४ एप्रिल १९४४ रोजी हवाई हल्ला चुकविण्यासाठी ‘आय-१६९’ ही जपानी पाणबुडी घाईने पाण्याखाली गेली. एक झडप उघडी राहिली होती. पाणी आत शिरले व ती तळाशी बसली. सोडवणुकीस गेलेल्या पाणबुड्यांना आतून ठोकल्याचे आवाज ऐकू येत होते. ती वर काढण्याचे प्रयत्न फसले आणि आवाज थांबले. पुढे १९७३ मध्ये तिच्यातील अस्थी बाहेर काढण्यात आल्या. आपल्याकडे अस्थी पाण्यात सोडल्या म्हणजे मृताची उत्तरक्रिया पुरी होते. जपानी कुटुंबास त्या घरी आणल्याखेरीज समाधान होत नाही. विधी उलट असले तरी त्यांमागील भाव एकच आहे. म्हणून हौसेखातर तेथील कवटी हातात घेऊन छायाचित्र काढणे हा कोणत्याही धर्माच्या दृष्टीने अपराधच होय.

२००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी एक करार संमत केला. २ जानेवारी २००९ पासून तो अमलात आला. बुडालेली वस्तू शक्यतो आहे तेथेच राखावी, तिचा व्यापार करू नये व मानवी अवशेषांचा योग्य मान राखावा, ही त्याची तत्त्वे उत्तम आहेत. मायक्रोनेशियानेही तो २०१८ मध्ये स्वीकारला. परंतु त्याच्या व्याख्येत बसण्यास वस्तू किमान शंभर वर्षे पाण्याखाली असावी लागते. म्हणजे त्या दोन दिवसांत बुडालेल्या जहाजांना त्याचे छत्र फेब्रुवारी १९४४ च्या शताब्दीपर्यंत, अर्थात २०४४ पर्यंत मिळावयाचे नाही.

पोलाद मात्र कायद्याची मुदत पाहत नाही. जहाजावर चढलेले प्रवाळाचे कवच गंजण्याचा वेग कमी करते. ते फुटले की खारे पाणी पुन्हा लोखंड खाऊ लागते. ट्रुकमध्ये हे कवच नांगरांनी फुटते, वादळांनी फुटते, आणि जुन्या गोळ्यांतील दारू काढून केलेल्या सुरुंगांनी मासे मारण्याच्या घातक प्रथेनेही फुटते. पत्रे झिजले म्हणजे टाक्यांतील तेल प्रवाळांवर व मासळीवर पसरते. काही जहाजांतून ते झिरपलेही आहे. ज्यांनी हे युद्ध मागितले नाही त्यांच्याच ताटात त्याचे विष पडावे, हा केवढा अन्याय!

म्हणूनच ट्रुकच्या जिल्हा विधिमंडळाने १९७१ मध्येच, म्हणजे युनेस्कोच्या कराराच्या तीस वर्षे आधी, हा जलाशय स्मारक म्हणून घोषित केला, याचे मोल फार मोठे आहे. जहाजे बुडून तेव्हा सत्तावीस वर्षेच झाली होती. शंभर वर्षांची वाट त्या लहानशा समाजाने पाहिली नाही. हल्ला झाला तेव्हा किशोरवयीन असलेले किमिउओ आइसेक पुढे पाण्यात उतरले. त्यांनी बुडालेली जहाजे शोधली आणि पाहुण्यांस ती दाखविताना त्यांची राखणही केली. स्मारकाची भावना कायद्याच्या पुस्तकात शिरण्यापूर्वी अशा माणसांच्या मनात वसलेली असते.

प्रस्तुत लेखकाच्या मते युद्धात बुडालेल्या जहाजाच्या रक्षणास वयाची अट नसावी. त्यात माणसे मृत्यू पावली एवढे कारण पुरे मानावे. ज्या राष्ट्रांनी तेथे युद्ध खेळले त्यांनी तेल काढण्याचा व अस्थी सन्मानाने हलविण्याचा खर्च उचलावा, आणि काय राखावे, काय हलवावे याचा निर्णय बेटवासीयांच्या संमतीनेच व्हावा. त्यांच्या भूमीचे सौदे त्यांना न विचारता अनेकदा झाले. निदान त्यांच्या पाण्याखालील या स्मशानाविषयी तरी त्यांचा शब्द प्रथम ऐकला जावा.