पैसा फंडाचा पैसा



गटाच्या बैठकीत हल्ली फ्रीज, मोबाइल, लग्नाचा मांडव अशा कर्जांचे अर्ज वाढलेत. गरज असेलही. पण वर्षभर जमवलेली बचत एका दिवसात दुकानात जाते. म्हणून आज आम्ही पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव दाभाड्याची गोष्ट सांगतो.

त्या काळी बांगड्या, कंदिलाच्या काचा असं कितीतरी सामान परदेशातून यायचं. १९०५ साली स्वदेशीची चळवळ पेटली. पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. पण परदेशी काच नको म्हटलं, तर घरात कंदील कसा लागणार? ती इथंच बनवायला हवी, आणि त्याला भांडवल हवं.

अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला होता. मागणं एवढंच, दर माणशी एक पैसा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे असत. म्हणजे ६४ जणांनी दिलं, की एक रुपया! लोकमान्य टिळकांनी या कामाला पाठबळ दिलं. त्या फंडातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना उभा राहिला. तिथं काच तर बनलीच, शिवाय तरुणांना काचेचं काम शिकवलं गेलं.

तेव्हा बचत म्हणजे नुसती काटकसर नव्हे. साठवलेल्या पैशातून हाताला काम मिळायला हवं.

पुढच्या बैठकीत कर्जाचं रजिस्टर उघडा. गेल्या वर्षीच्या कर्जातून किती शेळ्या, किती शिलाई मशीन आली, कितीजणी नवं काम शिकल्या, एवढं मोजा. मग नवे अर्ज वाचा.