ठिपक्यांच्या सोळा आकृती : पाश्चात्त्य जिओमान्सीच्या अभ्यासाची प्रस्तावना

मध्ययुगीन युरोपात कोणी प्रश्न घेऊन आला की शकुन पाहणारा हातात काडी किंवा लेखणी घेई आणि न मोजता, भराभर, ठिपक्यांच्या सोळा ओळी काढी. कधी वाळूत, कधी मातीत, पुढे कागदावर. मग मोजणी होई. ओळीत ठिपके विषम निघाले तर एक ठिपका, सम निघाले तर दोन. अशा चार ओळींची मिळून एकाखाली एक चार पायऱ्यांची आकृती होते. प्रत्येक पायरीवर एक किंवा दोन एवढेच पर्याय असल्यामुळे एकूण आकृती सोळाच संभवतात. एवढ्याशा भांडवलावर अरबांनी ‘इल्म अल्-रम्ल’ म्हणजे वाळूची विद्या उभारली आणि बाराव्या शतकात लॅटिन युरोपाने ती जिओमान्सी या नावाने आपलीशी केली. त्या सोळा आकृतींचे अर्थ कसे घडले आणि कसे वाचले जात, हा या अभ्यासाचा गाभा आहे.

एक गैरसमज आधीच दूर करू. इंग्रजीत हेच नाव चिनी फेंगशुईलाही दिले जाते, त्यामुळे जिओमान्सी म्हटले की अनेकांना वास्तूच्या दिशा आठवतात. इथे त्या विद्येचा संबंध नाही. मराठी वाचकाला जवळचे नाते शोधायचेच असेल तर ते ‘रमल’ या शब्दात सापडेल. चार-चार पाशांच्या दोन सळ्या टाकून आपल्याकडे जे रमल पाहिले जाई, तेही त्याच अरबी-फारसी प्रवाहातून आलेले आहे. आकृती त्याच सोळा. जमात, तरीक, इज्तिमा ही रमलातली नावे ज्या आकृतींची आहेत, त्यांनाच लॅटिनमध्ये पोपुलुस, विया आणि कोन्युंक्तिओ म्हणतात. अरबी ग्रंथपरंपरा तर या विद्येच्या आद्य आचार्यांत तुमतुम अल्-हिंदी या भारतीय ज्ञान्याचे नाव घेते. ती आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण आपली विद्या लांबून आली आहे ही जाण त्या लेखकांना होती, हे तिच्यातून दिसते.

नव्या अभ्यासकाच्या हाती सहसा एक कोष्टक पडते : आकृतीचे नाव, ग्रह, शुभ की अशुभ. तो ते पाठ करू लागतो आणि आठवडाभरात कंटाळतो. माझा आग्रह असा की कोष्टक काही दिवस मिटून ठेवावे आणि ठिपक्यांकडे पाहावे. अर्थ तिथे डोळ्यांना दिसतात.

आल्बुस, म्हणजे पांढरा, घ्या. त्याच्या पायऱ्या वरून खाली अशा : दोन, दोन, एक, दोन. वर रुंद तोंड, मध्ये बारीक दांडा, खाली बैठक. सरळ ठेवलेला चषक. रुबेउस, म्हणजे लाल, याच्या पायऱ्या दोन, एक, दोन, दोन. तोच चषक उपडा झाला. पहिल्याकडे शांतपणा, शहाणपण, विचार करून टाकलेले पाऊल. दुसऱ्याकडे संताप, वासना, रक्तपात. लेतित्सिया या आनंदाच्या आकृतीत एकटा ठिपका सर्वांत वर असतो आणि ती वर झेपावते. दुःखाच्या त्रिस्तित्सियात तोच ठिपका तळाशी जातो आणि आकृती जमिनीत रुतल्यासारखी दिसते. म्हणून एरवी अशुभ असलेली त्रिस्तित्सिया जमिनीच्या, बांधकामाच्या, पायाभरणीच्या प्रश्नात अनुकूल मानली जाते. जिथे खोल रुतणे हेच हवे असते, तिथे ती आपले काम करते.

वर दिलेल्या जोड्या एकमेकींना उलटे करून मिळतात. सोळांपैकी बारा आकृती अशाच सहा जोड्यांत बसतात. अक्विसित्सिओ म्हणजे प्राप्ती, ती उलटली की आमिस्सिओ, म्हणजे हानी. फोर्तुना मायोर हे मोठे भाग्य, ते उलटले की फोर्तुना मिनोर. पुएर हा मुलगा, उतावळा आणि लढाऊ. तो उलटला की पुएल्ला, मुलगी, देखणी आणि सलोख्याची. उरलेल्या चार आकृती उलटल्या तरी तशाच राहतात. त्यांतली कार्सेर, म्हणजे कैदखाना, एक, दोन, दोन, एक अशी चहूबाजूंनी बंद असते, तर कोन्युंक्तिओ दोन, एक, एक, दोन अशी मध्यावर येऊन मिळते.

सहाव्या जोडीशी मराठी वाचकाची ओळख आधीच आहे. कापुत द्राकोनिस हे सर्पाचे मस्तक आणि काउदा द्राकोनिस हे त्याचे शेपूट. म्हणजे चंद्रमार्गाचे दोन पात, आपले राहू आणि केतू. पण आपल्या ज्योतिषातला समज इथे जसाच्या तसा आणू नये. राहूला आपण पापग्रहांत मोजतो. पाश्चात्त्य जिओमान्सीत मात्र कापुत शुभ आहे. तिला गुरू आणि शुक्राच्या स्वभावाची मानतात, कोणत्याही आरंभाला ती चांगली. काउदा मंगळ-शनीच्या स्वभावाची, एरवी वाईट. पण एखादी गोष्ट संपवायचीच असेल तर तिच्याइतकी योग्य दुसरी नाही.

प्रश्न बदलला की शुभाशुभ बदलते, हे या विद्येतले सर्वांत मोलाचे तत्त्व मला वाटते. आमिस्सिओ व्यापाऱ्याला नको, पण आजारातून सुटका मागणाऱ्याला हवी. कार्सेर प्रवाशाला अडवते आणि ठेव सांभाळणाऱ्याला धीर देते. पुएर बहुतेक प्रश्नांत घात करतो. युद्ध आणि प्रेम हे अपवाद. कोष्टकातले ‘शुभ’ आणि ‘अशुभ’ हे शब्द इतके तोकडे का पडतात, हे यावरून लक्षात येईल.

आता आकृतींची बेरीज. काढलेल्या सोळा ओळींतून आधी चार आकृती मिळतात, त्यांना माता म्हणतात. चारही मातांच्या पहिल्या पायऱ्या क्रमाने घेतल्या की पहिली कन्या, दुसऱ्या पायऱ्या घेतल्या की दुसरी, अशा चार कन्या होतात. मग जोडी-जोडीने बेरीज : दोन आकृतींच्या समोरासमोरच्या पायऱ्या मिळवायच्या, विषमला एक ठिपका, समला दोन. त्यातून चार भाच्या, भाच्यांतून दोन साक्षीदार आणि साक्षीदारांतून शेवटी एक न्यायाधीश. ही बेरीज एकदा स्वतः करून पाहावी. पुएर एक, एक, दोन, एक. पुएल्ला एक, दोन, एक, एक. मिळवले की दोन, एक, एक, दोन, म्हणजे कोन्युंक्तिओ. मुलगा आणि मुलगी मिळून संयोग! पांढरा आणि लाल मिळवले तरी संयोगच येतो. आनंद आणि दुःख मिळवले तर कैदखाना. प्राप्ती आणि हानी मिळवली की विया, म्हणजे नुसता रस्ता. ही नावे देणाऱ्यांना हे गणित ठाऊक होते, की गणित आधी होते आणि अर्थ मागून त्यावर चढत गेले? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण उलटसुलट जोड्यांची बेरीज आकाराच्याच नियमाने नेहमी विया, कार्सेर किंवा कोन्युंक्तिओ यांपैकी एक येते. पण वाचकाने स्वतः कागद घेऊन तपासावे.

याच गणितामुळे न्यायाधीशाच्या जागी सोळांपैकी आठच आकृती येऊ शकतात. मातांचे आणि कन्यांचे ठिपके तेच, फक्त आडव्याचे उभे केलेले. त्यामुळे शेवटच्या आकृतीत ठिपक्यांची बेरीज समच निघते. रुबेउस किंवा पुएल्ला न्यायाधीश म्हणून आली तर मांडणीत चूक आहे, असे बेलाशक समजावे. शकुनविद्येत स्वतःची चूक पकडण्याची अशी सोय विरळाच.

इतिहासाचा धागा थोडक्यात. अरागॉनमधल्या ताराझोना इथे बाराव्या शतकात उगो दे सांतायाने अरबीतून केलेला ग्रंथ हा लॅटिनमधील आरंभीच्या ग्रंथांपैकी एक. 1288 मध्ये पार्माच्या बार्तोलोमेओने मोठा संग्रह लिहिला. 1391 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजासाठी जिओमान्सीचे सचित्र पुस्तक तयार झाले. सोळाव्या शतकात आग्रिप्पा आणि काताँ यांनी ही विद्या छापील पानावर आणली, आणि 1888 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या मंडळाने तिला आजचे रूप दिले. अरबी शाखेचा एक देखणा पुरावा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे : मुहम्मद इब्न खुतलुख अल्-मौसिलीने 1241-42 मध्ये घडवलेले, सोन्याचांदीचे जडावकाम असलेले पितळी यंत्र, ज्याच्या तबकड्या फिरवल्या की ठिपक्यांच्या आकृती समोर येतात.

या आकृती किती सर्वपरिचित होत्या, ते कवींकडून कळते. ‘पुर्गातोरिओ’च्या एकोणिसाव्या सर्गात दान्तेला पहाटेची वेळ सांगायची आहे, आणि तो म्हणतो ती अशी वेळ, जेव्हा जिओमान्सी जाणणाऱ्यांना पूर्वेला आपले मोठे भाग्य उगवताना दिसते. फोर्तुना मायोरचे सहा ठिपके तो ताऱ्यांत पाहतो आहे. भाष्यकार ते तारे कुंभेच्या अखेरीस आणि मीनेच्या आरंभी शोधतात. चॉसरने ‘नाइट्स टेल’मध्ये मंगळदेवाच्या मूर्तीवर दोन आकृती चमकवल्या आहेत, पुएल्ला आणि रुबेउस. आजच्या कोष्टकात पुएल्ला शुक्राची असल्याने वाचक चक्रावतो. पण जुन्या हस्तलिखितांत पुएर आणि पुएल्ला ही नावे कधीकधी एकमेकांच्या आकृतींना दिलेली आढळतात. म्हणून कोणत्याही जुन्या ग्रंथात नावापेक्षा ठिपके आधी वाचावेत.

पुढील विवेचन विया आणि पोपुलुस यांच्यापासून सुरू होते. वियात चारही पायऱ्यांवर एकेक ठिपका, पोपुलुसमध्ये दोन-दोन. पोपुलुस कोणत्याही आकृतीत मिळवली तर ती आकृती जशीच्या तशी राहते. म्हणूनच ती चांगल्याबरोबर चांगली आणि वाईटाबरोबर वाईट असते. विया मिळवली तर प्रत्येक पायरी बदलते : एकाचे दोन, दोनाचे एक. म्हणून तिचा अर्थ बदल. या दोघी हाताखाली आल्या की उरलेल्या चौदांकडे वळू.