मेलेला गडी उठतो तेव्हा : हौशी खेळांचा एक वऱ्हाडी इतिहास

मोर्णा नदी अकोल्याचे दोन भाग करते. पश्चिम तीरावर असदगडाच्या आश्रयाने वाढलेले जुने शहर; पूर्व तीरावर ताजनापेठ आणि इंग्रजी अमदानीत उभी राहिलेली कचेऱ्यांची, बंगल्यांची वस्ती. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मात्र सगळे अकोला जुन्या शहराकडे तोंड करून उभे असते. गांधीग्रामला पूर्णा नदीचे पाणी भरून निघालेल्या कावडी त्या दिवशी राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. वाट सोळा-अठरा किलोमीटरांची, पाय अनवाणी, आणि खांद्यावर पाण्याने भरलेल्या भांड्यांची उतरंड. या भांड्यांना इथे 'भरणे' म्हणतात. मोठ्या मंडळाच्या कावडीवर ती शेकड्यांनी मोजतात. एकाचा पाय चुकला तर हिसका सगळ्यांच्या खांद्यांना बसतो.

ही प्रथा १९४४ च्या सुमारास, पाऊस न पडल्यामुळे सुरू झाली असे शहरात सांगतात. त्यानंतर पाऊस ऐंशी वेळा आला नि गेला. कावडी थांबल्या नाहीत. उलट वाढल्या, उंच झाल्या, जड झाल्या. भक्ती हे त्याचे उत्तर आहेच. पण तेवढेच उत्तर असते, तर एक तांब्या पाणीही पुरले असते.

इतिहास वाचणाऱ्याने इथे थोडे थबकावे. एखादी गोष्ट का सुरू झाली हे आपण नेहमी विचारतो. ज्या कारणासाठी ती सुरू झाली ते कारण संपल्यावरही माणसे का येत राहतात, हे फारसे कोणी विचारत नाही. आजच्या धाग्यात हा दुसरा प्रश्न हौशी खेळांना विचारायचा आहे : ज्यात पैसा नाही, कीर्ती थोडी, मार भरपूर, अशा खेळांना. आणि त्यासाठी अकोल्याहून दूर जायला नको. शेजारच्या अमरावतीपासून सुरुवात करता येते.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून कंपनीच्या ताब्यात गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याविना हत्यार बाळगणे गुन्हा ठरले होते. कापसाने पैसा आणला होता, पण शिकलेल्या वर्गाच्या मनात एक सल होता : आपली शरीरे दुबळी झाली, हत्यार गेले तसा कणाही गेला. टिळकांचे राजकारण अमरावतीत दादासाहेब खापर्ड्यांच्या घरापर्यंत पोचले होते. अशा वातावरणात १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले.

वैद्य बंधूंचे वेगळेपण एका गोष्टीत होते. जुना आखाडा पेठेचा असे. वस्ताद ओळखीचा, पठ्ठे ओळखीचे, बाहेरच्याला दार अर्धेच उघडे. अमरावतीच्या मंडळाने उन्हाळी वर्ग भरवले, दूरदूरच्या मुलांना बोलावले, आणि कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांच्या जोडीला सांघिक देशी खेळ शिकवले. शिकून गेलेला मुलगा आपल्या गावी व्यायामशिक्षक होई. हुतात्मा राजगुरू यांनीही येथे काही काळ शिक्षण घेतले. १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू थेट बर्लिनला गेला आणि तेथे त्याने कबड्डीसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. स्पर्धा नव्हती, त्यामुळे पदकतालिकेत या मुलांचे नाव शोधू नका. ज्या खेळाला गावात अजून 'पोरांचा खेळ' म्हणत, तो जगासमोर मांडायला वऱ्हाडातली मुले समुद्र ओलांडून गेली होती, एवढे लक्षात ठेवा.

पाठ्यपुस्तकातले स्पष्टीकरण येथे संपते : परकी सत्ता, राष्ट्रीय जागृती, म्हणून व्यायामचळवळ. ते खोटे नाही. पण ते संस्थापकांचे स्पष्टीकरण आहे. पहाटे चारला उठून थंड मातीत उतरणारा सोळा वर्षांचा मुलगा रोज राष्ट्राचा विचार करीत असेल, हे मला पटत नाही. आणि तारखाही वेगळे काही सांगतात. १९४७ मध्ये परकी सत्ता गेली. चळवळीचे घोषित कारणच संपले. मग व्यायामशाळा रिकाम्या व्हायला हव्या होत्या. झाले ते उलटेच : अखिल भारतीय कबड्डी संघटना स्थापन झाली ती १९५० मध्ये, पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला, आणि महिलांची १९५५ मध्ये कलकत्त्याला. खेळ संघटितपणे देशभर पसरला तो स्वातंत्र्य मिळाल्यानंतर.

मग माणसे कशासाठी येत होती?

उत्तर शोधायला आखाड्याच्या हौद्यात उतरावे लागते. नवा मुलगा आला की त्याला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. त्याच्या हातात फावडे देतात आणि माती खणायला लावतात. घट्ट मातीवर पडले तर हाड मोडते, म्हणून ती रोज मोकळी करायची. म्हणजे आपण जिथे पडणार ती जागा आपणच मऊ करायची, आणि आपल्याआधी दुसरा पडणार असेल तर त्याच्यासाठीही करायची. त्यानंतर जोर, बैठका, आणि मग जोडीदार. कुस्ती एकट्याची म्हणतात खरी, पण सराव एकट्याने होत नाही. रोज तुम्हाला चीत करणारा, तुमच्याखाली चीत होणारा कोणीतरी लागतो. वर्षभर ज्याच्याशी झटापट केली त्याचा तोल कुठे जातो हे त्याच्या घरच्यांपेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक असते. अशी ओळख बाजारात, शाळेत, कचेरीत होत नाही.

सांघिक खेळात हे आणखी पुढे जाते, आणि येथे हुतूतूच्या नियमांचा इतिहास फार बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ गावोगाव वेगवेगळ्या तऱ्हेने खेळला जाई. महाराष्ट्रातील क्रीडासंस्थांनी नियम एकत्र करायला घेतले. १९२३ मध्ये ते छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्याला स्पर्धाही झाली. तेव्हा मुख्य तीन प्रकार प्रचलित होते. 'गामिनी'त बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. 'अमर'मध्ये गडी बाद होऊनही मैदानातच राही, प्रतिपक्षाला फक्त गुण मिळे. आणि 'संजीवनी'त बाद झालेला गडी बाहेर जाई, पण आपल्या संघाने प्रतिपक्षाचा एक गडी मारला की हा पुन्हा जिवंत होऊन आत येई.

आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे. तिन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहा. गामिनी कठोर आहे : एकदा मेलात की उरलेला खेळ रेषेबाहेरून पाहायचा. अमरमध्ये मरणाला काही अर्थच नाही. संजीवनीत मरण खरे आहे, पण अखेरचे नाही, आणि परत येणे तुमच्या हातात नाही. ते तुमच्या सोबत्याच्या हातात आहे. तो श्वास रोखून एकटा शत्रूच्या अंगणात जातो, सात जणांच्या साखळीला अंगावर घेतो, मध्यरेषेला बोट लावतो, आणि त्याच्या त्या बोटाने तुम्ही उठता. नियम घडवणाऱ्यांच्या मनात खेळ अधिक वेगवान व्हावा एवढाच हेतू असेल. परंतु ज्याने हा अनुभव घेतला, त्याला दुसऱ्या दिवशी मैदानाकडे ओढणारी गोष्ट याहून वेगळी असेल असे मला वाटत नाही.

आता हेच सूत्र अगदी परक्या मातीत, किंबहुना मातीच नसलेल्या लाकडी फरशीवर, तपासून पाहू. १९३५ मध्ये मंदीने गांजलेल्या अमेरिकेत, शिकागोच्या कोलिझियममध्ये, लिओ सेल्टझर नावाच्या व्यावसायिकाने 'रोलर डर्बी' सुरू केली. पायांना चाके बांधून गोल धावपट्टीवर चाललेली ती आरंभी दीर्घ पल्ल्याची शर्यत होती. प्रेक्षकांना शर्यतीपेक्षा धडका अधिक आवडतात हे ध्यानात आल्यावर नियम धडकांभोवती बांधले गेले. विशेष म्हणजे पहिल्यापासून स्त्रिया आणि पुरुष एकाच नियमांनी खेळत आणि दोघांचे गुण एकाच संघाच्या खात्यात जमा होत. हा धंदा होता, तिकिटावर चालणारा. १९७३ मध्ये मूळ कंपनीने तो गुंडाळला.

इथेही पुन्हा तेच : कारण संपले, खेळही संपायला हवा होता. २००१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात काही तरुणींनी तो पुन्हा उभा केला. यावेळी मालक नव्हता. मैदान भाड्याने घेणे, फलक रंगवणे, पंच तयार करणे, दुखापतीचा खर्च उचलणे, सगळे खेळाडूंनीच करायचे. वर्गणीही खेळाडूंनीच भरायची. काही वर्षांत हा हौशी खेळ अनेक देशांत पसरला. दिवसा परिचारिका, शिक्षिका, ग्रंथपाल असलेली बाई संध्याकाळी शिरस्त्राण चढवून, स्वतःच निवडलेल्या भन्नाट टोपणनावाने चाकांवर उभी राहते.

खेळ कसा चालतो ते पाहिले की कबड्डी जाणणाऱ्याला हसू फुटते. दोन्ही संघांचे पाच-पाच खेळाडू एकाच वेळी धावपट्टीवर असतात. दोन मिनिटांपर्यंतची एक फेरी. प्रत्येक संघाची एक चढाईकर्ती, जिच्या शिरस्त्राणावर तारा असतो. उरलेल्या चौघी भिंत. चढाईकर्तीने समोरच्या भिंतीतून एकदा वाट काढायची, आणि पुढच्या वळशापासून ओलांडलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्धी खेळाडूमागे एक गुण. ही आपली चढाईच आहे, फक्त दमाऐवजी चाके. फरक एवढाच की आपला चढाईपटू पलीकडे पूर्ण एकटा असतो, आणि इथे सोबतिणी शेजारीच असतात : हात पुढे करून तिला झटक्यात पुढे भिरकावून देतात. ती थकली, अडकली, तर डोक्यावरचे ताऱ्याचे आवरण काढून ठरलेल्या सोबतिणीकडे सोपवू शकते. नवशिकीला पहिला धडा कोणता देतात? पडण्याचा. गुडघ्यावर, लहान होऊन, कोणाला आडवे न जाता पडायचे आणि लगेच उठायचे. हातात फावडे दिलेल्या आपल्या पोराला हे सांगायला नको.

आणखी एक साम्य आहे. दोन्ही खेळ सगळ्या बांध्यांच्या माणसांना कामाला लावतात. बुटका, चपळ गडी निसटायला. रुंद खांद्यांचा कोपऱ्यात पकड करायला. शाळेच्या शर्यतीत नेहमी शेवटी येणाऱ्या मुलीची डर्बीच्या भिंतीत गरज असते. आयुष्यात 'तुझ्या या शरीराची आम्हाला गरज आहे' असे फार थोड्या ठिकाणी ऐकू येते. बायकांना तर फारच थोड्या.

म्हणून या इतिहासात १९५५ ची कलकत्त्याची महिला स्पर्धा मला बर्लिनइतकीच मोठी वाटते. ज्या काळात मुलीने मैदानात ओरडणे हेच आगळीक ठरे, त्या काळात तिला नियमपुस्तकाने दुसरीचा घोटा धरण्याचा, अंगावर झेप घेण्याचा, धुळीत लोळून उठण्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या शकुंतला खटावकर यांना १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये बीजिंगला आली. महिलांची यायला २०१० चे ग्वांगझू उजाडावे लागले. पुरुषांची व्यावसायिक लीग २०१४ मध्ये झळाळत सुरू झाली. महिलांच्या वाट्याला २०१६ मध्ये तीन संघांचा छोटा मुकाबला आला. या दिरंगाईचा राग यायला हवा. पण हेही दिसते की पैसा नसतानाच्या त्या सगळ्या दशकांत मुली खेळत होत्या; शाळेच्या पटांगणावर, जिल्हा संघात, लग्न ठरेपर्यंत, आणि कित्येकदा लग्नानंतरही.

एक भाषिक वळसा घेतो. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाच्या नावात १९७० च्या दशकापासून 'ॲमॅच्युअर' हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी प्रेम करणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. मराठीने त्यासाठी 'हौशी' शब्द योजला. 'हौस' आपल्याकडे अरबी-फारसीतील 'हवस'वरून आली. हिंदीत त्या शब्दाला अजूनही काळी छटा आहे. मराठीत येता येता ती धुऊन निघाली आणि उरला निखळ आनंद. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, ते बहुधा उधळपट्टीला उद्देशून. मोडलेल्या करंगळीला आणि सोललेल्या कोपरालाही ते तितकेच लागू पडते.

आता तुमच्यासाठी एक काम. संस्थापकांची चरित्रे छापली गेली आहेत, गड्यांची नाहीत. तुमच्या पेठेतल्या जुन्या व्यायामशाळेच्या किंवा क्रीडामंडळाच्या भिंतीवर एखादे काळे-पांढरे छायाचित्र टांगलेले असेल : पुढे ढाल, मध्ये अध्यक्ष, मागे उभी राहिलेली मुले. अध्यक्षांचे नाव खाली लिहिलेले असते. मागच्या रांगेतल्यांपैकी कोणी हयात असतील तर त्यांना गाठा, नावे लिहून घ्या, कोण कोणत्या जागेवर खेळे ते विचारा. अंतिम सामन्याचा निकाल कदाचित त्यांच्या लक्षात नसेल. पण आपल्याला कोणी उठवले, हे विचारून पाहा.