सोलापुरातील सुताची दुकाने

आपल्या समाजाच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले आहे त्यात माग आहे, मागवाला आहे, गिरणी आहे, सहकारी संस्थाही आहेत. परंतु ज्या दुकानाच्या पायरीवर आपल्या आजोबा-पणजोबांचा आठवड्यातून एक तरी तास जात असे, त्या सुताच्या दुकानाविषयी दोन ओळींपलीकडे कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. जेथे उल्लेख आहे तेथे तो 'विणकराचे रक्त शोषणारा सूतव्यापारी' अशा ठरीव शब्दांत आहे. प्रस्तुत लेखकाचे वडील असेच एक लहान सूतव्यापारी होते. तेव्हा या विषयावर लिहिण्यास हा मनुष्य योग्य आहे काय, अशी शंका ज्ञातिबांधवांनी घेतल्यास ती रास्तच होय. वडिलांची वकिली करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. त्यांच्या खतावण्या माझ्यापाशी आहेत; त्यांत जे आढळले ते, गोड तसेच कडूही, येथे देतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. सुताचे दुकान ही फार प्राचीन संस्था आहे असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. आपले पूर्वज तेलंगणातून सोलापुरास येऊ लागले तेव्हा सूत घरोघरी चरख्यावर निघत असे आणि विणकर ते कातणारांकडून अथवा आठवड्याच्या बाजारातून घेत असे. पुढे विलायती गिरण्यांचे सूत आले. सन १८६० मध्ये सोलापुरास आगगाडी पोचली आणि मुंबई बंदरात उतरलेले सूत थेट गावात येऊ लागले. सन १८७७ मध्ये येथील पहिली गिरणी, जिला आपण पुढे 'जुनी मिल' म्हणू लागलो, ती सुरू झाली. गिरणी सूत विकते ते गासडीने. चारशे पौंडांची गासडी घेण्याची ऐपत एका मागाच्या धन्यास कोठून असणार? ती गासडी फोडून दहा पौंडांचे बंडल, अर्धे बंडल, प्रसंगी चार लडी विकणारा कोणीतरी मध्ये हवा होता. तो म्हणजे सुताचा दुकानदार. गिरणीने चरखा बंद पाडला आणि गिरणीनेच हे दुकान उघडावयास लावले.

मोठे सूतव्यापारी बहुतेक इतर समाजांचे होते. गासड्यांचा व्यवहार, मुंबईशी पत्रव्यवहार आणि हुंडी त्यांच्या हाती. आपल्यातील काही थोड्यांनी मागावरून उठून लहान दुकाने मांडली, त्यांत माझे आजोबा एक. साखर पेठेतील आमचे दुकान म्हणजे घराचीच पुढली खोली. एक तराजू, भिंतीस लाकडी मांडणी, खाली जाजम आणि रात्री लावावयाच्या फळ्या.

सुताच्या नंबराचा हिशोब मी शाळेत जाण्यापूर्वीच शिकलो. एक लड म्हणजे ८४० वार. एका पौंडात जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे वीस नंबरी सुताच्या पौंडात २० लडी, १६,८०० वार. चाळीस नंबरी असेल तर ३३,६०० वार, म्हणजे एकोणीस मैलांहून किंचित अधिक. पुढे मास्तर झाल्यावर मी हे गणित इयत्ता पाचवीच्या वर्गास घालीत असे आणि सांगत असे की, एक पौंड चाळीस नंबरी सूत उलगडीत निघालात तर मोहोळ दिसू लागेपर्यंत ते संपणार नाही. मापे बदलून इतकी वर्षे झाली, तरी बंडल अजून ४.५४ किलोचे निघते. तो जुना दहा पौंडच आहे.

दुकानदाराचे ज्ञान मात्र गणितात मावणारे नव्हते. वडील लड उजेडासमोर धरीत, दोन बोटांत धागा पिळीत, झटका देऊन तोडीत व तुटल्याचा आवाज ऐकीत. रंगीत सूत असेल तर ओल्या अंगठ्याने चोळून पाहात. कोणाच्या मागास कोणती फणी आहे, कोण लुगडी विणतो, कोण चादरी, कोणाच्या घरी खळ पातळ होते, हे त्यांस ठाऊक असे. "हे सूत तुझ्या ताण्याला टिकणार नाही, बाण्याला ने," असे सांगून अधिक भावाचे सूत परत मांडणीवर ठेवताना मी त्यांस पाहिले आहे.

आता दुसरी बाजू. दुकानात दोन भाव असत, रोखीचा आणि उधारीचा. उधारीचे बंडल आठ आण्यांनी महाग. महिना उलटला की दर रुपयास दरमहा एक पैसा व्याज. जुन्या चौसष्ट पैशांच्या रुपयावर हे वर्षाचे पावणेएकोणीस टक्के होतात. परंतु 'एक पैसा' म्हटल्यावर ते कोणास जाणवत नसे. पैसे न आल्यास तयार कापडच घ्यावयाचे, तेही बाजारभावाहून कमी दराने. म्हणजे सूत देताना एक नफा, व्याजाचा दुसरा आणि कापड घेताना तिसरा. शिवाय कापूस हवेतील पाणी पितो आणि सुटे सूत तोलून विकले जाते. उन्हाळ्यात मागील खोलीत सुतावर ओले गोणपाट टाकलेले मी स्वतः पाहिले आहे. कोरडे सूत मागावर तुटते म्हणून, असे वडील सांगत. ते खरे आहे. पण तराजूच्या दृष्टीनेही ते सोयीचे होते, हेही खरे आहे.

अशा व्यवहारांची चौकशी सरकारने केली नाही असे नव्हे. डॉ. पी. जे. थॉमस यांच्या अध्यक्षतेखालील हातमाग व गिरण्यांविषयीच्या सत्यशोधन समितीचा अहवाल १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. रा. गो. काकडे यांनी केलेली सोलापुरातील विणकर समाजांची पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेने १९४७ मध्ये छापली. तिची प्रत मिळाल्यास तरुणांनी अवश्य वाचावी.

सन १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि सुताचे दुकान एका दिवसात संशयास्पद ठिकाण झाले. सूत मागांच्या संख्येप्रमाणे कोट्याने मिळू लागले. कोटा मिळावा म्हणून संस्था निघाल्या. आणि जे माग कोणाच्या घरात कधी खडखडले नाहीत तेही कागदावर चालू लागले. काही मागवाल्यांना विणण्यापेक्षा कोट्याचे सूत विकण्यातच अधिक मिळे. ते विकत घेणारा कोण? आमच्या घरी त्या काळच्या दोन वह्या आहेत. एक लाल बासनातील, दाखवावयाची. दुसरी लहान, बासनाविना. दुसरीतील आकडे मी ताडून पाहिले आहेत आणि त्याविषयी अधिक लिहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले, दुसऱ्या वर्षी गिरणीच्या कापडावर उपकर बसला आणि त्या पैशातून विणकरांच्या सहकारी संस्थांस मदत मिळू लागली. संस्थांच्या सूत-डेपोंवर गिरणीचे सूत ठरलेल्या भावाने मिळे. भावाचा फलक बाहेर लावलेला, पावती छापील, वजन चोख. आपल्या समाजातील अनेक थोर मंडळींनी या कामी आपली हयात वेचली. ज्यांनी आयुष्यात प्रथमच कोणापुढे न वाकता सूत घेतले, त्यांच्या आनंदाची कल्पना आजच्या पिढीस येणार नाही. आमच्या दुकानाची पायरी त्या वर्षांत ओस पडली असे आई सांगत असे.

तरी दुकान बंद पडले नाही. याचे कारण खतावणीवरून स्पष्ट दिसते. डेपोत सभासदासच सूत मिळे, तेही पुरे बंडल आणि नेमल्या दिवशी. वीस नंबर मागावा तर सव्वीस आलेला असे. पक्क्या रंगाचे सूत क्वचितच मिळे. ज्याची लुगड्याची किनार दोन लडींसाठी अडली आहे त्याने काय करावे? असा मनुष्य रात्री आमच्या फळ्यांवर थाप मारी. १९५० नंतरच्या खतावण्यांत बंडलांच्या नोंदी कमी होत जातात आणि 'लडी २', 'लडी ५' अशा नोंदी पानेच्या पाने भरतात. डेपोचा सभासद असलेला मनुष्य मोठी खरेदी तेथे करी आणि अडल्या वेळी आमच्याकडे येई. वडिलांस याचा राग येई. पण त्यांनी फळी काढली नाही असे माझ्या आठवणीत नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या बोळातील एक विणकर वडिलांचा बालमित्र होता. नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री, मार्कंडेय महामुनींच्या रथाची सर्व तयारी चालू असता, तो जांभळ्या सुताच्या दोन लडी मागावयास आला. ठरलेले लुगडे सकाळी द्यावयाचे होते. वडिलांनी मला कंदील धरावयास सांगून मांडणी उपसली व लडी काढून दिल्या. पुढे तीन वर्षांनी, सुताचे भाव चढत असताना, तोच मनुष्य भर दुपारी एका बंडलासाठी पायरीवर बसून राहिला. मागील येणे २१४ रुपये होते. वडिलांनी सूत दिले नाही. मांडणीवर सूत होते, हे मला ठाऊक होते. भाव आणखी चढण्याची ते वाट पाहात होते. डेपोचेही त्याच्याकडे येणे थकले होते, म्हणून तेथेही त्यास सूत मिळाले नाही. दोन महिन्यांत तो माग विकून कुटुंबासह भिवंडीस यंत्रमागावर गेला. पुन्हा सोलापुरास आला नाही.

ज्या वर्षी मी मॅट्रिक झालो त्याच १९७४ साली गिरण्यांवर असे बंधन आले की, विक्रीच्या सुतापैकी निम्मे तरी लडींच्या रूपात बांधावे, जेणेकरून हातमागास ते मिळावे. पुढे २००३ मध्ये हे प्रमाण ४० टक्के व २०१९ मध्ये ३० टक्के झाले. १९८३ मध्ये सूतपुरवठ्यासाठी राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळ निघाले. पण सोलापुरात तोवर यंत्रमाग घरोघर आला होता. यंत्रमागास लडी लागत नाहीत, कोन लागतो. आणि कोनाचे सूत पोत्यांनी येते. ज्याच्यापाशी पोती उतरवावयास गोदाम व महिनाभर थांबण्याइतके भांडवल, तोच सूतव्यापारी. चार लडी मागणारा उरला नाही, म्हणून चार लडी विकणाराही उरला नाही. डेपोंपैकी पुष्कळ त्याच सुमारास थकबाकीत बुडाले. त्यांचा पराभव आमच्या दुकानाने केला नाही, तसा आमच्या दुकानाचा त्यांनीही केला नाही. १९८६ च्या पाडव्यास वडिलांनी दुकान मिटविले. जुन्या कापडगिरण्यांची धुरांडी त्यानंतर एकामागून एक थंडावली. ज्या हातमाग मंडळापासून डेपोंचा हा सारा खटाटोप सुरू झाला तेही केंद्र सरकारने २०२० मध्ये मोडीत काढले.

हा सर्व प्रकार आपल्या गावापुरताच, असे मला अलीकडपर्यंत वाटे. माझी एक पुतणी अमेरिकेत ओहायो संस्थानात राहते. लोकरीचे विणकाम तिने तेथे शिकले. त्याच संस्थानातील क्लीव्हलँड शहरी १९४३ मध्ये निघालेल्या एका कापडाच्या दुकानातून पुढे 'जोअॅन' नावाची प्रचंड दुकानमाला झाली होती. कापड, लोकर, सुया, सर्व काही एका छपराखाली आणि सवलतीच्या चिठ्ठ्यांनी स्वस्त. तिच्या गावातील लोकरीचे लहान दुकान, जेथे मालकीण टेबलापाशी बसवून चुकलेले टाके उसवून देई, ते या मोठ्या दुकानापुढे टिकले नाही. मग २०२४ व २०२५ अशा लागोपाठ दोन वर्षी त्या मोठ्या कंपनीनेच दिवाळे जाहीर केले आणि मे २०२५ अखेर तिची सुमारे आठशे दुकाने मिटली. तिचे नाव मायकल्स नामक दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतले. "काका, आता एका गुंडीसाठी तासभर मोटार हाकावी लागते," असे पुतणी दूरध्वनीवर म्हणाली. लोकर तारेवर मागविता येते, पण हाताने चाचपून पाहता येत नाही, ही तिची मुख्य तक्रार. ती ऐकताना मला ओल्या अंगठ्याने रंग चोळणारे वडील आठवले. तिच्या त्या मालकिणीनेही दोन भाव ठेवले होते काय, हे मी विचारले. तिला प्रश्न समजला नाही.

आपल्या देशात आजही बहुसंख्य हातमाग-विणकर कुटुंबे सूत खुल्या बाजारातूनच घेतात, असे २०१९-२० च्या हातमाग गणनेत दिसून आले. म्हणजे कोठे ना कोठे ती पायरी अद्याप आहे.

वडिलांच्या सर्व खतावण्या मी या वर्षी आपल्या मंडळाच्या कार्यालयात ठेवावयास दिल्या आहेत. ती लहान वहीही त्यांत आहे. अभ्यास करणारांनी खुशाल पाहाव्यात. मात्र येणेकऱ्यांच्या नावांची पाने पाकिटात घालून बंद केली आहेत, कारण त्यांची नातवंडे आपल्यातच आहेत आणि काहींची नावे याच अंकाच्या देणगीदारांत आहेत. बालमित्राचे ते २१४ रुपये वडिलांनी कधी बुडीत खाती टाकले नाहीत. दर पाडव्यास नवी वही पुजली की पहिल्या पानावर तीच रक्कम ओढीत, व्याज न लावता. १९८६ च्या वहीत तेवढी एकच ओळ आहे.